सुईने न उच्चारलेला शब्द

तिचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटात होतं. बाकी सगळ्या गावासाठी ती ‘सुई’ होती. एकतीस वर्षं ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दंडाला पट्टा बांधायचा, "मुलं काय म्हणतात?" असं विचारायचं, आणि समोरचा उत्तर जुळवेपर्यंत बाटली भरलेली असायची. हात इतका हलका, की रडायच्या तयारीने आलेली माणसं ओशाळून जात.

एका बाटलीवर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय ती दुसरीला हात लावत नसे. रिपोर्टमधलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, हा तिथला नियमही ती काटेकोर पाळी. फक्त दोन मैत्रिणींसाठी तिने त्या नियमाला एक बारीकसं भोक पाडून ठेवलं होतं.

त्यातली एक पोस्टाच्या खिडकीवर बसे, म्हणून ती ‘टपाल’. दुसरी शाळेत गणित शिकवी, ती ‘मास्तरीण’. तिघी पाचवीपासून एका बाकावरच्या. या दोघींपैकी कुणाचं रक्त तपासलं आणि सगळं ठीक निघालं, की सुई संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना सायकल न थांबवता ओरडायची, "पास!" बस, एवढंच. चांगली बातमी चार तास आधी कळली तर कुणाचं काय बिघडतं, असं तिचं म्हणणं.

त्या शुक्रवारी दुपारी अडीच वाजता तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकसष्ट नंबरची काच होती. पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड, आणि त्यातल्या कितीतरी अर्ध्याकच्च्या. तिने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचली. अक्षर तिचंच होतं, नाव मास्तरणीचं. जिना चढताना धाप लागते म्हणाली, म्हणून सुईनेच मागे लागून तिला रक्त द्यायला लावलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी काच पाहिली. बराच वेळ डोळा वर केला नाही.

"सोमवारी सकाळी पुन्हा रक्त घेऊ. खात्री होईपर्यंत कुठल्याही आजाराचं नाव घ्यायचं नाही. दोन दिवसांनी काही बिघडत नाही, बाई. मात्र ताप चढला किंवा कुठून रक्त आलं, तर तडक घेऊन यायचं."

"आज संध्याकाळीच आम्ही तिघी बाहेरगावी निघतोय, डॉक्टर."

"मग तुम्ही बरोबर आहात ते बरंच झालं. लक्ष ठेवा. आणि तोंड बंद."

बाहेरगाव म्हणजे चार तासांवरचं, वाळवंटाच्या मधोमध वसवलेलं सुट्टीचं गाव. लोक तिथे थंडीत जातात. टपालला रजा मिळाली ती ऐन उन्हाळ्यात, आणि दोन वर्षं पुढे ढकललेली सहल आता आणखी ढकलायची नाही असा तिचा हट्ट. गाडी तीच चालवत होती. शेजारी बसलेल्या मास्तरणीने वाटेत दोनदा मागे वळून सुईकडे पाहिलं. सुई खिडकीबाहेरची वाळू बघत राहिली. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला हॉटेलच्या काउंटरवरचा तापमापक चव्वेचाळीस दाखवत होता. कपाळाला हात लावून ताप ओळखायची सुईची विद्या इथे कुचकामी ठरली. तिघींची कपाळं सारखीच भाजत होती. तरी तिचा हात राहीना.

"काय गं, सारखी चाचपतेस? मी काय चुलीवर ठेवलेलं दुधाचं पातेलं आहे?" मास्तरीण म्हणाली.

"अगं, इथे दाराची कडीसुद्धा तापाने फणफणलीय," टपाल म्हणाली. "तिलाही एक गोळी दे, सुई."

सुई हसली, आणि थर्मामीटर आणायला गाडीकडे गेली. पर्स रात्रभर गाडीतच राहिली होती, आणि सकाळचं ऊन काचांवर आलं होतं. थर्मामीटरचा पारा वरपर्यंत चढून काच तडकली होती. जन्मभर काचेच्या वस्तू सांभाळणाऱ्या बाईच्या हातून असं व्हावं! पर्सच्या तळाशी चकाकणारे गोळे तिने कागदावर जपून गोळा केले, डबीत बंद केले, आणि तिथेच उभी राहून घाम पुसला.

मग तो दिवस नजर ठेवण्यातच गेला. मास्तरीण दात घासून आली, की सुई काहीतरी विसरल्याचं निमित्त करून बेसिन बघून येई. पाणी पांढरंच असे. मास्तरणीच्या पोटरीवर बोराएवढा जांभळा डाग दिसला, तशी सुई खाली वाकली.

"हे कुठे लागलं?"

"वर्गातल्या बाकाचा कोपरा. दर वर्षी नवी मुलं, बाक तोच."

दुपारी मास्तरणीच्या लेकीचा फोन आला. आई अंघोळीला गेली होती, म्हणून सुईने घेतला.

"मावशी, आईचा रिपोर्ट आला का गं?"

"सोमवारी," सुई म्हणाली. "तिच्याकडे बघायला मी आहे इथे."

रविवारी साडेसहाला, उन्हाचा चटका बसण्याआधी, दोघी पोहण्याच्या तलावाच्या कडेला पाय सोडून बसल्या. टपाल खोलीत घोरत होती. मास्तरीण पायाने पाणी ढवळत म्हणाली, "तू मला अजून पास केलं नाहीस."

सुईने पाय पाण्याबाहेर काढले.

"शुक्रवारी गाडीत बसलीस, तेव्हा वाटलं आता म्हणशील. मग वाटलं विसरली असेल. पण तू आणि विसरणार?"

"मग काल विचारलं का नाहीस?"

"टपालची सहल होती ना. पोर कधीपासून नाचत होती."

एक शब्द बोलला असता, तर हा सगळा घोर मिटला असता, निदान उद्या सकाळपर्यंत. तो सुईच्या ओठांवर आलाही. पण आयुष्यात तिने एका बाटलीची चिठ्ठी दुसरीला लावली नव्हती.

"उद्या सकाळी पुन्हा रक्त घ्यायचंय," ती म्हणाली. "एवढंच नक्की आहे. पुढचं डॉक्टर सांगतील."

मास्तरणीचे पाय पाण्यात थांबले. तिने विचारलं, "घेणार कोण?"

"मी. दुसरं कोण?"

"मग डाव्या हातातून घे. उजव्याने पेपर तपासायचेत." मग ती सुईकडे वळली. "आणि हे बघ, यापुढे नापास झाले तरी तूच सांगायचं. गप्प बसायचं नाही. काल दिवसभर तू माझ्याकडे जशी बघत होतीस ना, त्याने मी अर्धी मेले."

तेवढ्यात टपाल टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "अगं भवान्यांनो, मला न उठवता? काय चाललंय?"

"ये, बस," मास्तरीण म्हणाली. "सांगते."

सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी सुईने मास्तरणीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. टपाल बाहेर बाकावर बसली होती; तिने पोस्टात येत नाही म्हणून कळवलं होतं. शीर दिसत होती, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती थबकली. हातातली सुई हवेतच राहिली.

"मुलगा काय म्हणतो गं तुझा?" मास्तरणीने विचारलं.

"त्याची बदली होणार म्हणतोय, पण बायकोला..." सुई सांगू लागली, आणि सांगता सांगता बाटली भरली.