यादीत नसलेली ४१७ नंबरची फाइल

मी भूतखेत मानत नाही. आजही नाही. आणि 'लॅपटॉपच्या कॅशेमध्ये जुनी प्रत पडून असेल' असं सांगायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा, मग शहाणपणा शिकवा.

माझे काका पोलादपूरकडचे. बिरवाडीत खोली घेऊन महाडच्या एका केमिकल कारखान्यात बावीस वर्षं पावडर खात्यात राबले. आता जिना चढले की धाप लागते. डॉक्टर म्हणाले, छातीचे जुने रिपोर्ट आणा, आजार कामामुळे झाला असं लिहून देतो. कारखान्याचं उत्तर काय, तर तुमच्या तपासणीची नोंदच नाही! दरवर्षी रांगेत उभं करून नळीत फुंकायला लावायचे, आणि नोंद नाही? डोकंच फिरलं माझं.

योगायोग असा की त्याच कारखान्याची क्लाउडवरची कागदपत्रं दुसरीकडे हलवायचं काम माझ्याकडे आलं. कोड साधा... फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची आणि यादीतली एकेक फाइल डाउनलोड करायची. यादीत नाही ते येत नाही, विषय संपला. फाइलींना कामगारांचे हजेरी नंबर. काकांचा ४१७. यादीत ४१६ नंतर थेट ४१८. मी तीनदा बघितलं.

भरदुपारी कोड चालवला. काय काय उतरलं त्याची नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्येही ४१६, मग ४१८. लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं तर — ४१७ तिथे होती.

काकांचं नाव, कारखान्याच्या डॉक्टरची सही, आणि खाली पेनानं लिहिलेलं: 'फुफ्फुसं बिघडत आहेत. पावडर खात्यातून ताबडतोब हलवा.'

४१७ वेगळी जपून ठेवली, फोल्डर रिकामं करून कोड परत चालवला. दुसऱ्या लॅपटॉपवर चालवला. ४१७ पुन्हा काही आली नाही. आमच्या कंपनीतल्या पुण्याच्या सीनियरला लॉग पाठवून फोन केला, तर म्हणतो, तूच टाकली असशील. फोन आपटला मी. कारखानाही हेच म्हणणार, माहितीये मला.

संध्याकाळी बिरवाडीला जाऊन काकांना दाखवली. सही त्यांनी लगेच ओळखली.

"तारीख कुठली हाय रे?"

नऊ वर्षांपूर्वीची होती. काका कामावरून सुटले गेल्या वर्षी.

"म्हणजे आठ वर्षं त्यांना ठाऊक होतं," काका म्हणाले. "आणि मी एक दिवस रजा मागायला घाबरायचो."

ती फाइल कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. पण लपवली कुणी, हे मला विचारायचंय. प्रिंट काढलीये. नोकरी गेली तर गेली, उद्या सकाळी कारखान्यात जातोय. काका म्हणाले, मी पण येतो. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. सावकाश चढू.