अप्पांचं नाक

अप्पा लग्नांत स्वयंपाक करणारे आचारी. त्यांचं नाक वर्षानुवर्षं फुगत गेलं, लाल झालं आणि सदा तेलकट चकाकायचं. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या या माणसाला आमचं अख्खं पापनाशम गाव बेवडा समजे. म्हणून ते पंगतीत वाढायला येत नसत, मागे चुलीपाशीच राहत. माझ्या पदवीदानालाही यायला तयार नव्हते.

"तुझ्या प्रोफेसरांना काय वाटेल, पोरी?"

घरातली पहिली पदवी माझी. अप्पा पहिल्या रांगेत हवेतच! मी त्यांना ओढतच तंजावरच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हा त्वचेचा आजार आहे, दारूनंच होतो असं नाही. मलम आणि गोळ्यांनी लाली, पुटकुळ्या कमी होतील. पण जाड झालेली कातडी औषधांनी जात नाही, ती लेझरनं किंवा ब्लेडनं तासावी लागते."

"म्हणजे सुरण सोलतात तसं?" अप्पांनी विचारलं.

"तसंच. पण आधी बधिर करून."

"मग सुरणापेक्षा माझं नशीब बरं!"

आम्ही लेझर निवडलं. खपली धरली, गळाली, खाली कोवळी गुलाबी कातडी आली. चुलीची धग टाळायला अप्पांनी ढवळायचं काम मदतनिसांवर सोपवलं.

पदवीदानाच्या सभागृहाच्या दारात आमच्या गल्लीतले एक काका भेटले. नाक निरखून म्हणाले, "शाब्बास! सोडलीत वाटतं दारू?"

माझं डोकंच फिरलं. अप्पांनी मात्र हात जोडले.

"होय हो. लेक शिकली, तिनं सोडवली."

आणि ताठ मानेनं पहिल्या रांगेत जाऊन बसले.