आतोबांची तालीम

व्यायाम करणारे पुष्कळ पाहिले, पण व्यायामाचा इतका राग असलेला आणि तरीही इतका ठणठणीत माणूस आमच्या आतोबांखेरीज दुसरा झाला नसेल. जोर, बैठका, मुद्गल यांचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. आणि तांबडं फुटायच्या आत हाच गृहस्थ अख्ख्या घराचं पाणी ओढून, दुधीच्या वेलाला माती लावून जात्यापाशी बसलेला असे. मी त्या वेळी कर्जतच्या शाळेत मास्तर होतो आणि नदीपलीकडे दहिवलीला आत्याकडे राहत होतो. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही. पण त्या घरात सगळ्यांत मोठी टंचाई होती ती कामाची, कारण आतोबा दुसऱ्याला काही शिल्लकच ठेवत नसत.

आतोबा मूळचे घाटातल्या इंजिनावरचे फायरमन. कर्जतला गाडीच्या मागे इंजिन जोडायचं, खंडाळ्यापर्यंत ती ढकलत न्यायची, आणि त्या इंजिनाच्या पोटात आतोबांनी कोळसा सारायचा, हा त्यांचा तरुणपणचा उद्योग. पुढे घाटात विजेची इंजिनं आली. विजेला कोळसा लागत नाही, तेव्हा आतोबाही लागेनासे झाले. त्यांना यार्डातल्या एका केबिनीत स्टुलावर बसवलं, आणि त्या स्टुलानं घात केला. पेन्शनीत निघेपर्यंत पोट असं सुटलं की स्वतःच्या पायाची बोटं बघायला त्यांना आरसा लागतो, असं आत्या सांगे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आतोबा मुकाट्यानं तालमीत गेले. वस्तादांनी बैठका काढायला लावल्या. थोड्या काढून झाल्यावर आतोबांनी धापा टाकत विचारलं, "वस्ताद, यातनं निघतंय काय?" वस्ताद म्हणाले, घाम. "येवड्या घामात माजं अंगान सारवून व्हईल की," असं म्हणून आतोबा जे निघाले ते घरी येऊन थेट शेणाच्या पाटीकडे वळले. घाम गाळायचा, पण फुकट गाळायचा नाही, एवढंच त्यांचं व्यायामशास्त्र.

अंगण सारवणारा पुरुष ही त्या काळी मुद्दाम बघायला जाण्यासारखी गोष्ट होती. बायका वाट वाकडी करून आमच्या दारावरून पाण्याला जात. शेजारचे एक म्हातारबुवा आपल्या ओट्यावरून रोज विचारत, की काय सूनबाई, आटपलं का? आतोबा डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात फिरवून नम्रपणे सांगत, आटपलं मामंजी. आणि पुन्हा उकिडवे बसून, मागे मागे सरकत, हाताचे एकसारखे अर्धगोल काढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. म्हातारबुवांना स्वतःला काठीवाचून ओट्यावरून उठता येत नसे. गणपतीपर्यंत आतोबांचं पोट गेलं आणि दिवाळीपर्यंत म्हातारबुवांची थट्टाही गेली.

प्रत्येक कामाची त्यांनी अशी काही रीत बसवली होती की हसावं की हात जोडावेत कळू नये. विहिरीचं पाणी कधी उजव्या हाताच्या जोरावर ओढायचं, कधी डाव्याच्या. उजव्या हाताचं पाणी घरात, डाव्याचं बागेला. बाग मोठी असल्यामुळे त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा जाड झाला होता, आणि ते शर्टाची बाही वर करून तो पाहुण्यांना दाखवत. जात्यावर त्यांना ओव्या येत नसत; ते इंजिन होऊन दळत. पहिली मूठ घातली की गाडी कर्जतहून हलायची. मग पळसदरी, मग जांबरुंग, मग ठाकूरवाडी, आणि चढ वाढेल तशी भक्‌भक्‌ वाढत जायची. नाचणी निब्बर असली तर ठाकूरवाडीलाच त्यांची वाफ संपे, आणि ते तिथे थोडं थांबून, पाणी पिऊन, पुन्हा निघत. खंडाळा आलं की शिटी वाजे. त्या शिटीनं मी जागा होई, आणि आत्या भाकरीला पीठ घेई.

कोणी दुखणं घेऊन आला की आतोबा त्याला कामाचा उतारा देत. अपचनाला पलंगाखालचा केर, कंबरेला आळ्याची खुरपणी, रागीट माणसाला लाकडं फोडणं. एकदा आमच्या शाळेचे इन्स्पेक्टर माझ्याकडे चहाला आले आणि भूक लागत नसल्याचं बोलून बसले. मी चहा घेऊन बाहेर येतो तो साहेबांचा कोट पेरूच्या फांदीवर, आणि साहेब चिखलात उभे राहून पडवळाच्या मांडवाला बांबू धरताहेत. माझी नोकरी गेली असंच मी धरून चाललो. पण दुपारी साहेबांनी मागून मागून भाकऱ्या खाल्ल्या, आणि जाताना मला शेरा न देता आतोबांकडून पडवळाचं बी मागून नेलं.

या सगळ्यात आत्याची मात्र पंचाईत होती. ती पहाटे उठे तो केर निघालेला, भांडी घासलेली, तुळशीलासुद्धा पाणी घातलेलं. स्वैपाक तेवढा तिनं राखला होता, आणि तोही भांडून. कधी केरसुणी लपवून ठेवी, तर आतोबा शिंदीच्या पात्यांची नवी बांधत. आम्ही या भांडणाला हसत असू. त्यात काही खोल दुखणं असेल असं तिघांपैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग एका भाताच्या कापणीला आत्या हिवतापानं पडली. थंडी वाजून येई, ताप चढे, घाम येऊन उतरे. तापावरचं कोयनेल मिळवायला आतोबा खोपोलीपर्यंत पायपीट करून आले. शेवटी ताप हटला, पण आत्या उठेना. डॉक्टर म्हणाले, दुखणं गेलंय, आता हळूहळू हिंडूफिरू द्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. पेज दिली तर घेई, नाही दिली तर मागत नसे. हातपाय काडीसारखे झाले. मला भीती वाटू लागली की ही आता अशीच विझून जाणार. एका सकाळी आतोबा तिच्या उशाशी बसून समजावत होते, की घरची काळजी करू नको, सगळं व्यवस्थित चाललंय. आत्या भिंतीकडेच बघत म्हणाली, "ते दिसतंय की. माज्यावाचून घराचं कायपन अडत नाय. मंग उटून करू तरी काय?"

आतोबा आपल्या जाड डाव्या हाताकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून घर बिघडलं. अंगण ठिगळं लावल्यासारखं सारवलं गेलं, नाचणीचं पीठ रव्यासारखं भरड आलं. मला वाटलं, म्हातारा काळजीनं खचला. तिसऱ्या प्रहरी ते मोड आलेल्या वालांची परात घेऊन आत्याच्या खाटेपाशी बसले आणि सोलू लागले. आमच्या भागात वालाचं बिरडं करायचं तर साल अलगद काढून डाळिंबी अख्खी राहिली पाहिजे. मोडली तर करणारणीची अब्रू गेली. आतोबांचा हात यात आत्याइतकाच सफाईचा, मी कितीदा पाहिलेला. आणि आज एकेक वाल ते अंगठ्यानं दाबून दोन तुकडे करून टाकत होते, आणि ते तुकडे आत्याला दिसतील असे पुढे सरकवत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी गुपचूप पुस्तकात तोंड घातलं.

आत्यानं थोडा वेळ सोसलं. मग म्हणाली, "अवो, मोडताय कशाला?"

"वाल निबार हायत."

"वाल नाय, तुमची बोटं निबार झाली. आना हिकडं."

ती कोपरावर रेलून उठली. परात मांडीवर घ्यायची ताकद नव्हती, म्हणून आतोबांनी ती हातात धरून ठेवली. तिच्या बोटांतून मात्र डाळिंब्या अख्ख्या पडत होत्या. त्या रात्रीचं बिरडं निम्मं मोडकं, निम्मं अख्खं होतं. तसं चवदार बिरडं मी पुन्हा खाल्लं नाही.

पुढे आतोबांनी तिला एकेक काम फसवून परत केलं. वेल असे उलटेसुलटे बांधले, की भिंत धरत धरत ती परसात येऊन त्यांना बोल लावू लागली. होळीपर्यंत आत्या उभी राहिली, आणि एकदा उभी राहिल्यावर तिनं काही परत दिलं नाही. केर तिचा, तुळस तिची, अंगण तिचं. आतोबा ओट्यावर हात बांधून बसू लागले. पोट पुन्हा डोकावू लागलं. मी थट्टेनं म्हटलं, की आतोबा, आता तालमीत नाव घाला. ते हसले नाहीत.

"मास्तर, मला वाटायचं मी तिला सुक देतोय," ते म्हणाले. "घरातली सारी ताकद मी एकट्यानंच खाल्ली रं."

तेवढ्यात मागल्या पडवीतून मुसळाचे घाव ऐकू येऊ लागले. आत्या उखळात भात कांडत होती. आता तिला ते मुळीच जड नव्हतं. घाव चांगले दणकून पडत होते. मग ते एकाएकी थांबले आणि तिचा आवाज आला, "अवो, येताय का? एकटीच्यानं होत नाय. दुसरं मुसळ बगा मोकळंच पडलंय."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. तिची लबाडी त्यांना कळली होती, आणि मला ती कळली हेही त्यांना कळलं होतं. ते इतक्या घाईनं उठले की धोतराचा सोगा ओट्याच्या खांबाला अडकला.

दोघंही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडे गिरणीवरचा पांढराशुभ्र तांदूळ येतो आणि कोणाला काही कांडावं लागत नाही. मला त्या दोघांची फार आठवण येते. त्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा पडवीत दोन मुसळं आळीपाळीनं पडत होती, एक तिचं, एक त्यांचं. नदीचा उतार उतरेपर्यंत ती मला ऐकू येत होती.