टाकीभोवतीची भिंत

कृष्णात नलवडे सव्वीस वर्षं फौजेत होते, इंजिनियर पलटणीत. राजस्थानात त्यांनी दारूगोळ्याच्या कोठारांभोवती मातीचे उंच बांध घातले, जम्मूकडं बंकर बांधले. तिथं त्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ मारली, की मेजरसुद्धा ती ओलांडायच्या आधी विचारायचा. सुभेदार होऊन ते औंधजवळच्या गावी परत आले आणि वर्षभरात सांगली जिल्ह्यातल्या आमच्या साखर कारखान्यावर सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले. इथं रेघेचं काय होतं, ते त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं.

मी तेव्हा बांधकाम विभागात नकाशे काढायचो. कारखान्यात इथेनॉलच्या दोन मोठ्या टाक्या उभ्या राहत होत्या. चेअरमन भूपालअण्णा मगदूम यांनी सुभेदारांना बोलावून सांगितलं, "आवं सुभेदार, टाक्यांभवती बंदोबस्त कसा करायचा त्ये तुमीच ठरवा. आमाला यातलं कळत न्हाई."

सुभेदारांनी ते खरं मानलं.

पंधरा दिवस ते उन्हात टेप घेऊन फिरले. एका बांबूला फडकं बांधून त्यांनी वारा कुठून कुठं जातो ते रोज तीनदा लिहून ठेवलं. मग मला समोर बसवून आराखडा काढला. टाक्यांभोवती काँक्रीटची भिंत, म्हणजे टाकी फुटली तरी सगळा माल भिंतीच्या आतच राहील. तिच्याबाहेर तारेचं कुंपण, आत मोबाईल, बिडी, काडेपेटी बंद. त्याच्याही बाहेर मोकळा पट्टा, तिथून ट्रॅक्टर जाणार नाही. आणि येण्याजाण्याला एकच फाटक, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला, पश्चिमेला.

संचालकांच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो फाटकाचा. अण्णांच्या वास्तुवाल्यानं पूर्वेला सांगितलं होतं.

"अण्णा, गळती झाली तर वाफ पूर्वेला जाणार," सुभेदार म्हणाले. "तुमी माणसांना वाफंतनं पळायला लावणार काय?"

"गळती हुईलच कशाला?" एक संचालक म्हणाले. "नवं काम हाय."

सुभेदारांनी माझ्या हातातला नकाशा घेऊन टेबलावर पसरला. फौजेत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. दोन तासांच्या डोकेफोडीनंतर फाटक पश्चिमेला राहिलं, पण मोकळा पट्टा निम्मा झाला. उरलेल्या जागेत उसाच्या गाड्यांची रांग लावायची होती.

गळीत हंगाम सुरू झाला आणि सुभेदारांचा रक्तदाबही. कुंपणाच्या तारा रोज कुणीतरी वाकवायचं, कारण कँटीन पलीकडं होतं. 'प्रवेश बंद'च्या पाटीवर टॉवेल वाळत पडायचे. तरुण संचालक ऋषिराज पाटील यांची गाडी एकदा फाटकावर आली, तेव्हा सुभेदारांनी हात आडवा केला.

"मोबाईल हितं ठेवा. गाडी बी हितंच."

"मला वळकत न्हाई व्हय तुमी?"

"वळकतो म्हणून तर जपतोय, साहेब."

ऋषिराज गाडी वळवून गेले आणि त्यांनी अण्णांकडं तक्रार केली. अण्णांनी सुभेदारांना बोलावून प्रेमानं सांगितलं, "माणूस बघून नियम लावत जावा की." सुभेदार त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "आग माणूस बघून लागती काय रं?"

कहर झाला तो डिसेंबरात. पंप बसवणाऱ्या ठेकेदाराला सामान उचलून न्यायचा कंटाळा आला म्हणून त्यानं काँक्रीटच्या भिंतीला ट्रॉली जाईल एवढं भगदाड पाडलं. काम झालं, ठेकेदार गेला, भगदाड राहिलं. सुभेदारांनी सात पत्रं लिहिली. हंगाम संपल्यावर बघू, असं उत्तर आलं, तेही तोंडी.

आठवं पत्र त्यांनी लिहिलं नाही. रजेच्या दिवशी त्यांनी गावाकडचा जुना सदरा चढवला, रिकामी पोती मागवली आणि काळी माती भरायला बसले. दोन पहारेकरी मदतीला आले. पोती कशी रचायची, प्रत्येक सांध्यावर वरचं पोतं कसं चढवायचं, आतून ताडपत्री कशी दाबायची, हे सगळं ते ओरडून सांगत होते. संध्याकाळी भगदाड बुजलं. दुसऱ्या दिवशी ऋषिराजांनी फोटो काढून अण्णांना पाठवला : कारखान्याची शोभा गेली.

जानेवारीत एका दुपारी टाकीच्या तळाशी पाइपाचा जोड सुटला. मी ऑफिसात होतो. भोंगा वाजला आणि पाठोपाठ सुभेदारांचा आवाज. इथेनॉल भिंतीच्या आत पसरत होतं, पाण्यासारखं, नितळ. दिवसाउजेडी त्याची ज्योतही धड दिसत नाही, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं होतं आणि आम्ही अनेकदा जांभया दिल्या होत्या.

त्यांनी त्या बाजूची वीज तोडायला लावली, माणसं पश्चिमेच्या फाटकातून बाहेर काढली आणि उसाचा रस्ता दोन्हीकडून बंद केला. बघता बघता ट्रॅक्टरची रांग गावाबाहेर गेली. धुळा नावाचा एक ट्रॅक्टरवाला उतरून त्यांच्या अंगावरच आला.

"ऊस वाळाय लागलाय! कवा सोडणार?"

"कवा त्ये मलाबी म्हाईत न्हाई. पण इंजिन बंद कर. आधी बंद कर, मग शिव्या दे!"

धुळानं इंजिन बंद केलं आणि मग खरंच शिव्या दिल्या. सुभेदारांनी त्या ऐकून घेतल्या आणि पुढच्या ट्रॅक्टरकडं गेले.

आत घोट्यापर्यंत माल साठला होता. पोत्यांच्या तळाची माती ओली झाली, तेव्हा सुभेदार दोन पहारेकऱ्यांना घेऊन बाहेरून आणखी माती चढवत राहिले. कारखान्याच्या बंबानं फेस मारला, तंत्रज्ञांनी झडप बंद केली. चार तासांनी धोका टळला. एकाही माणसाला काही झालं नाही.

अण्णा दोन दिवसांनी स्वतः आले. पोत्यांची माती हातानं चाचपून बघितली. म्हणाले, "सुभेदार, तुमचा सत्कार करायचा. हितंच, टाक्यांपुढं. मंडप घालू, समई लावू."

सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला.

"समई? हितं? अण्णा, तुमी मला जित्ता ठेवणार हाय का न्हाई?"

अण्णा आधी गोंधळले, मग ओशाळले. त्यांनी विचारलं, "मग तुमाला काय पायजे?"

"भिंत पायजे."

सत्कार झाला नाही. हंगाम चालू असतानाच गवंडी आले, आणि मोकळा पट्टा पूर्ण रुंदीचा करायचा ठराव एका बैठकीत, फारसं न बोलता, मंजूर झाला. ऋषिराजांनीही हात वर केला. काँक्रीट ओतायच्या दिवशी सुभेदार सकाळपासून भगदाडापाशी उभे होते. निम्मं ओतून झाल्यावर गवंडी चहाला जायला निघाले.

"कुठं निघाला? एका दमात वता! मधी जोड राहिला तर त्यातनंच गळंल!"

गवंडी कुरकुरत परत फिरले. सुभेदारांनी त्यांचा चहा फाटकाबाहेरच मागवला, एकेकाला प्यायला धाडलं आणि गेलेल्याचं घमेलं स्वतः उचललं.