आत्यानं फोडलेली थाळी

माझ्या आत्यानं सातव्या वर्षी थाळी फोडली, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परातीएवढी चिनी मातीची थाळी, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, मधोमध दोन मोर. आजोबांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली आणि भवानीनगरच्या घरात सोप्याच्या भिंतीला टांगली. अख्खा गाव बघून गेला म्हणे. पुढं दिवाळीच्या साफसफाईत आत्यानं ती धुवायला घेतली आणि हातातून पाडली. तेव्हा घरात दोघंच होती, आजोबा आणि ती. आजोबांनी थाळी फडक्यात बांधली, पुण्याला नेली आणि पाठीमागून पितळी टाके मारून परत आणली. असं त्यांनी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, विषय संपला.

आत्या सुरुवातीला म्हणायची म्हणे, "पडली न्हाय, ऊन पाण्यानं नुसती धुतली." पण ऐकतंय कोण! आजी म्हणायची, चोर तो चोर वर शिरजोर.

तेव्हापासून तिचे हात फुटके ठरले. घरात कपबशा आल्या, तिला चहा पितळीतच. ते एक जाऊ द्या. आमच्याकडं बारशाला बाळ आत्याच्या हातात देतात, तीच पाळण्यात घालते, तीच कानात नाव सांगते. माझ्या बारशाला नाव तिनं सांगितलं, पण मला धरलं होतं शेजारच्या काकूंनी. भावाच्या वेळीही तेच. तिला स्वतःला मूल झालं नाही. आणि माझा लेक झाला तेव्हा तिनं हात पुढं केले, तर मी, शिकलीसवरलेली मास्तरीण, काय म्हणाले? "आत्या, तू बस आधी, मग देते." दिलाच नाही. आज लिहिताना लाज वाटते.

गेल्या वर्षी भावानं जुनं घर पाडायला काढलं आणि थाळी माझ्याकडं बारामतीला आली. लेकाच्या ओळखीचे पुण्याचे एक गृहस्थ जुन्या चिनी मातीच्या वस्तूंची किंमत ठरवतात. ते आले. मोरांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थाळी पालथी घातली आणि भिंग लावून टाके बघत बसले.

"मॅडम, हे टाके कधीचे म्हणालात?"

"सत्तर वर्षं झाली. आमच्या आत्यानं फोडली तेव्हाचे."

त्यांनी मान हलवली. "नाही हो. ही तुमच्या घरी आली तीच फुटलेली, टाके घातलेली."

मी उसळले. "काहीतरीच काय! आजोबांनी टाके घालून आणलेत."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "टाक्यांवर हा तपकिरी थर दिसतो? हा सरस आहे. त्यात कापडाचे धागे अडकलेत. म्हणजे आधी टाके पडले, मग ते झाकायला कुणीतरी वरून कापड चिकटवलं. पुढच्या भेगा लाखेनं बुजवून वर निळा रंग दिला. फुटकी वस्तू अखंड म्हणून खपवायची जुनी युक्ती. ऊन पाणी लागलं की सगळं सुटतं."

ऊन पाणी! ते पुढं सांगत होते, अखंड असती तर लाखाच्या घरात, अशी वीस हजार. कसले वीस हजार घेऊन बसलात? पोर खरं बोलत होती! कापड सुटलं, भेगा दिसल्या आणि आजोबांनी ते टाके त्याच दिवशी डोळ्यांनी बघितले. आपण फसलो हे गावाला कसं सांगायचं? म्हणून सात वर्षांच्या लेकीच्या माथी मारलं. एवढा मोठा माणूस, आणि असं वागला? मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळीच कोऱ्हाळ्याला आत्याच्या घरी गेले. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी धाप टाकतच म्हणाले, "आत्या, थाळी तू फोडली नव्हतीस. ती आधीच फुटलेली होती."

ती हसली. "काय बोलतीस गं? माझ्याच हातनं पडली की. खळ्ळकन वाजली, अजून कानात हाय."

"अगं, पडलीच नाही! तूच म्हणायचीस ना, नुसती धुतली म्हणून?"

"लहान व्हते, मार चुकवायला बोलले असंन."

न पडलेल्या थाळीचा आवाज तिला ऐकू येत होता. आता आजोबांचं नाव घेऊन सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"पर तुला सांगते, एवढी मोलाची वस्तू, गावात दुसरी न्हाय. दुसऱ्या बापानं सोलून काढलं असतं. आबानी बोट लावलं न्हाय मला. जवळ घेऊन म्हनले, रडू नगं, मी आनतो सांधून." तिनं पदरानं डोळे पुसले. "सासरी लई सोसलं बग मी. तवा त्येवढंच आठवायचं. बाप असावा तर असा."

आणि मी, आजोबांचा उद्धार करायला घरून निघालेली तोंडाळ बाई, म्हणाले, "व्हय गं आत्या."