गावचा गोलकीपर

फुटबॉलपायी मी तीनदा रक्त सांडलेलं पाहिलं. पहिल्यांदा आमच्या हॉटेलात, दुसऱ्यांदा कापसाच्या जिनामागच्या मैदानावर आणि तिसऱ्यांदा पुन्हा हॉटेलात. तिसऱ्या वेळी ते मी सांडलं. त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, पण ती सांगायची तर सगळंच सांगावं लागेल.

युरोपातली लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. नंदुरबार स्टेशनाकडून कापसाच्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं इतकंच. वर पत्रा, आत चार बाकं, दाराशी भट्टी. कापसाच्या दिवसांत जिनाच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीचा नंबर लागेपर्यंत गाडीवान काय करणार? चहा पिणार आणि फुटबॉलवरून भांडणार. एका अंगाच्या बाकांवर गाडीवान, समोर जिनातली माणसं. मधे मी, भट्टीवर.

आमचे हे गावच्या क्लबचे गोलकीपर. खेळ ते कुठे शिकले नव्हते. आमचे काचेचे ग्लास सुरतेहून यायचे. एक फुटला की दुसरा यायला किती दिवस जातील याचा नेम नसायचा. म्हणून गिऱ्हाइकाचं कोपर लागून ग्लास कलंडला की हे हातातलं काम टाकून तो वरच्यावर धरायचे. बघायचेसुद्धा नाहीत, उजवा हात आपोआप जायचा. शाळेतल्या एका मास्तरांनी ते पाहिलं आणि यांना मैदानावर नेलं. तेव्हापासून दर रविवारी हे गोलमध्ये उभे. मला आधी फार राग यायचा, की भट्टी माझ्या गळ्यात मारून हा माणूस चेंडूमागे जातो. मग एकदा मी सामना पाहिला. घरात चार शब्द न बोलणारा माणूस तिथे हुकूम सोडत होता, अंगभर माती लागलेली होती आणि तो हसत होता. त्यानंतर मी रविवारची भट्टी बिनतक्रार सांभाळली.

त्या वर्षी आमचा क्लब धुळ्याच्या ढालीच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, आणि नेमकी तेव्हाच कमिटीला अवदसा आठवली. कमिटी म्हणजे जिनाचे मारवाडी शेठ आणि त्यांच्या मागेपुढे करणारे दोन वकील. नवापूरकडच्या डोंगरातला, मिशनच्या शाळेत खेळलेला एक ख्रिस्ती जवान पोरगा त्यांनी हेरला. त्या काळी दुसरीकडचा खेळाडू आणायची रीत सोपी होती. त्याला जिनात कापसाच्या गठाणी उचलायचं काम द्यायचं, की तो आपला. हा गडीही गोलकीपर होता. यांच्यापेक्षा वीतभर उंच आणि वयाने बराच लहान. धुळ्याला गोलमध्ये कोण उभं राहणार, ते मात्र कमिटी सांगेना. हे जेवताना घास हातात घेऊन थांबायचे.

धुळ्याहून दर आठवड्याला मोटारीने पेपर यायचा. मी माहेरची धुळ्याची, मराठी पाचवी शिकलेली. आमच्या गिऱ्हाइकांत आकडे ओळखणारे होते, अक्षरं लावणारं कोणी नव्हतं. म्हणून चहा उकळता उकळता मी मोठ्याने वाचायची आणि बाकं ऐकायची. बाईमाणसाने पुरुषांत बसून पेपर वाचावा का, असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर त्यांना वाचून कोण दाखवणार होतं?

त्या आठवड्यात पेपरने आमच्या कमिटीची सालटी काढली होती. घरचा गोलकीपर इतकी वर्षं गोल राखतो आहे, त्याला चहाच्या भांड्यांत बसवून बाहेरचा गडी आणायचा, हा कुठला कारभार? क्लब गावाचा की जिनाचा? शेठजींना कापसातलं कळत असेल, खेळातलं काय कळतं? असं बरंच होतं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

आमच्या गिऱ्हाइकांत धानोऱ्याचा एक गाडीवान होता, आडव्या बांध्याचा, तांबड्या डोळ्यांचा. यांच्यावर त्याचा भारी जीव. सामन्याला तो यांच्या गोलमागे बसायचा आणि गोल झाला की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायचा. तो उठून उभा राहिला.

"वैनी, तेवढं परत वाच."

मी परत वाचलं.

"छापेल शे," तो म्हणाला. "छापेल शे म्हंजे खरं शे." छापलेलं आहे, एवढं त्याला पुरे होतं.

समोरून जिनातला मापाडी बोलला. हा माणूस शेठचा कापूस तोलायचा आणि शेठची बाजूही. "पेपरवालाले काय जास? उचलली जीभ लावली टाळूले. ढाल जिकनी शे ना? मग चांगला गडी आनना पडस."

"गावना गडी बसाडी ठेवा आन जंगलमाईन पोऱ्या आना. हाऊ कारभार शे का?"

"तुन्हा गावना गडीनी मांगला सामनामा दोन गोल खादात."

गाडीवानाने समोरचा ग्लास उचलून मापाड्याच्या तोंडावर मारला. मापाड्याने मान वळवली म्हणून डोळा वाचला, पण कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. मग सगळीच बाकं उठली. एकाने बाक उचलून दुसऱ्याच्या पाठीत घातलं. एकाचं डोकं दुसरा एक जण दाराच्या चौकटीवर आपटत होता आणि दर वेळी विचारत होता, क्लब कोणाचा ते सांग. मी उकळती किटली पदराने धरून भिंतीला लागले. आणि आमचे हे काय करत होते? पडणारे ग्लास धरत होते. यांच्या नावाने माणसं एकमेकांची थोबाडं फोडत होती आणि हे दोन हातांत चार ग्लास घेऊन मधे उभे होते. मला हसावं की रडावं ते कळेना.

यांचं म्हणणं काय, ते कुणी विचारलंच नाही. उलट गावात झालं, की पेपरात यांनीच लिहवून घेतलं, बायको शिकलेली आहे ना. मी खरंच लिहिलं असतं तर शेठला इतक्या स्वस्तात सोडलं नसतं. शेवटी शेठकडून निरोप आला. रविवारी मैदानावर दोघांना उभं करू, जो चांगला ठरेल तो धुळ्याला जाईल.

मी म्हटलं, हे बरं झालं, एकदाचा निकाल लागेल. हे ताटावर बसले होते. म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. मन्हापेक्षा चांगला शे."

मला असा संताप आला की तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली. "मग लोके तुम्हनासाठे डोकं काब फोडी ऱ्हायनात?"

"मी कोनले सांगेल नही," हे म्हणाले आणि जळकी भाकर तशीच खाल्ली.

रविवारी मी चहाची किटली घेऊन मैदानावर गेले. शेठ खुर्चीत बसले होते, नोकराने डोक्यावर छत्री धरली होती. एका अंगाला गाडीवान, त्यांच्या गाड्या तिथेच सोडलेल्या. दुसऱ्या अंगाला जिनातली माणसं; मापाडी कानाला फडकं बांधून सगळ्यांत पुढे. आधी हे गोलमध्ये उभे राहिले. एकामागून एक फटके आले. काही सुटले, तेव्हा जिनातली माणसं "सुटना! सुटना!" ओरडली; बाकीचे यांनी धरले, आणि दर वेळी गाडीवानांनी आरोळी ठोकली. मग तो जवान उभा राहिला. अनवाणी. एकही चेंडू सुटेना. वासरू गाईकडे जावं तसा चेंडू त्याच्याकडे जायचा. मी बाई, मला खेळातलं किती कळणार, पण मलाही ते दिसलं. हे गोलच्या बाजूला उभे होते. त्यांनी मान डोलावली तीही मला दिसली.

गाडीवानांकडून आधी शिव्या आल्या. जातीवरून, डोंगरावरून, येशूवरून. मग ढेकळं आली, मग दगड. एक दगड त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्याने ते मनगटाने पुसलं आणि पुन्हा गुडघ्यांत वाकून उभा राहिला, चेंडू यायचा आहे अशासारखा. तेव्हा जिनातली माणसं धावून गेली. मापाड्याने एका गाडीवानाला उताणा पाडला आणि छातीवर बसून त्याच्या तोंडात माती कोंबली. "गावना म्हनस ना? घे, गावनी माटी खाय." कोणाचे दात पडले, कोणाच्या बरगड्या गेल्या. एक म्हातारा गाडीवान तुटक्या करंगळीकडे बघत नुसता बसून होता. शेठची खुर्ची रिकामी झाली होती. शेठ केव्हाच टांग्यात बसले होते.

धानोऱ्याच्या गाडीवानाने आपल्या गाडीकडे पळत जाऊन शिवळ उपसली. शिवळ म्हणजे जुवाला बैलाच्या मानेशेजारी असते ती दांडी, बाभळीची, हातभर लांब. ती घेऊन तो सरळ गोलकडे निघाला. त्या जवानाच्या डोळ्यात रक्त, त्या बाजूचं त्याला काही दिसत नव्हतं.

हे बाजूने धावले. चेंडूला करायचे तसाच यांनी उजवा हात वर केला, आणि शिवळ मनगटावर बसली. सुकं सरपण गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. मी किटली टाकून धावले.

गाडीवान शिवळ हातात घेऊन यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा पायावर पडेल. तो म्हणाला, "तू मधमा काब उना?"

मधे का आलास, एवढंच. पुढेही कधी त्याने दुसरं काही म्हटलं नाही. त्याच्या लेखी चूक यांची होती.

त्या ख्रिस्ती जवानाने एका डोळ्याने बघत यांना हाडवैद्याकडे नेलं. हाडवैद्याने हात ओढून बसवला, कामट्या बांधल्या आणि सांगितलं, होळीपर्यंत हात होता तसा होईल. होळीला कामट्या सोडल्या. हात दिसायला सरळ होता. हे बोटं हलवून मला दाखवायचे. म्हणायचे, थोडा आखडेल शे, ढालीले जमाव नही, पन पुढला हंगामले मीच उभा ऱ्हासू. मी मान हलवायची. मला खात्री नव्हती, पण हे बोलताना मैदानावरच्यासारखे दिसायचे, आणि तेवढ्यासाठी मी काहीही मानलं असतं.

धुळ्याला तो जवान उभा राहिला आणि ढाल आली. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. पुढे शेठ, हातात ढाल. मागे गुलालात माखलेला तो जवान एका माणसाच्या खांद्यावर बसला होता आणि तो माणूस बेभान नाचत होता. नीट पाहिलं तर तो धानोऱ्याचा गाडीवान. ज्याला ठार मारायला धावला होता, त्यालाच खांद्यावर घेऊन नाचत होता. हाड मोडलं यांचं आणि नाच याचा; आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं. हे दारात उभे राहून डावा हात हलवत होते, आणि खरंच खूश होते. मला मात्र त्या खांद्यावर थुंकावंसं वाटलं.

पेपर आला तेव्हा हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, आज मी वाचणार नाही. हे फडक्याने बाकं पुसत होते. म्हणाले, "वाच. जे शे ते वाच."

वाचलं. पेपरने कमिटीची पाठ थोपटली होती. घरचा गोलकीपर ऐनवेळी कुठल्याशा मारामारीत जायबंदी झाला, पण कमिटीने दूरदृष्टी ठेवून दुसरा गडी आधीच आणून ठेवला होता, म्हणून गावाची अब्रू राहिली. कारभार असावा तर असा. मारामारी कशावरून झाली, कोणाचं लिहिलेलं वाचून झाली, त्याचा एक शब्द नव्हता.

"आते कसं खरं लिखं," मापाडी म्हणाला.

आणि धानोऱ्याचा गाडीवान मान डोलावत म्हणाला, "छापेल शे. कमिटी हुशार शे भाऊ. वैनी, तेवढं परत वाच."

माझ्या हातात नुकता भरलेला ग्लास होता. मी तो चहासकट त्याच्या तोंडावर फेकला.

हे आमच्या दोघांच्या मधे उभे होते. ग्लास यांच्या अंगाजवळून निघाला आणि यांचा उजवा हात आपोआप गेला, नेहमी जायचा तसा. चहा बोटांवर सांडला, ग्लास बोटांना लागलाही. पण बोटं मिटली नाहीत. ग्लास पुढे जाऊन गाडीवानाच्या कपाळावर फुटला. तो भाजला, रक्ताने न्हाला, ओरडत खाली बसला. दोन्हीकडची माणसं उठली. कोणी मला शिव्या देत होतं, कोणी त्याला, आणि लगेच वाद सुरू झाला की बाईने केलं ते बरोबर की चूक. मला त्यांच्यापैकी कोणाचीच भीती वाटत नव्हती. गाडीवानाचं कपाळ जन्मभर फुटकं राहिलं, त्याचंही मला काही नाही. पण हात गेला आहे हे यांना माझ्या ग्लासाने कळलं, त्याचं मला वाईट वाटतं.

हे गाडीवानाकडे बघतच नव्हते. भाजलेली बोटं उघडी धरून तिथेच उभे होते. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुटना."