दत्ताच्या गाडीची टाकी

तात्यांच्या फुफ्फुसाचा आजार हाताबाहेर गेल्याचं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून माझा देवावरचा विश्वास उडाला होता. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. तात्यांना, माझ्या वडिलांना, मात्र एकच ओढ होती: नरसिंहपूरला कुलदैवताचं दर्शन, तेही आपल्याच जुन्या ॲम्बेसिडरमधून. तीस वर्षं त्यांनी ती जपली, तिच्यावरच मला गाडी शिकवली. आजारपणात ती वर्षभर दारात उभीच होती.

मागच्या सीटवर उशा रचून त्यांना निजवलं आणि मी गाडी काढली. इंदापूरच्या अलीकडे पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या गॅरेजपाशी कशीबशी थांबवली. तिथले म्हातारे मिस्त्री, आबा, गाडीखाली शिरले. गळती तात्पुरती बुजवायला साबण दाबून पाहिला, तर बोटच आत गेलं.

“ताई, टाकीच्या बुडाची पार चाळण झालीया. डाग दिऊन सांधायलाबी पत्रा उरला न्हाय. टाकीच बदलाय पायजे, आन् ती हितं कुठं मिळायची?”

मला रडू आवरेना. आबांनी वाकून मागच्या सीटवर पाहिलं. तात्यांना धाप लागली होती. आबा शेडमागं गेले आणि एका गाडीवरची ताडपत्री ओढू लागले. तसलीच ॲम्बेसिडर, पुढून चेचलेली. त्यांची बायको धावत आली.

“अवो, तिला कुणी हात लावायचा न्हाय म्हनला व्हता न्हवं?”

“आपल्या लेकाची, दत्ताची गाडी हाय,” आबा म्हणाले. “त्याला घरापातूर पोचता आलं न्हाय. कुणाच्या तरी बापाला तर पोचवंल.”

बाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मग त्यांनीच उठून तात्यांसाठी सावलीत बाज टाकली. टाकी मागच्या बाजूला असल्यानं अपघातातून वाचली होती. आबांनी ती काढली, धुतली, वाळवली, आमच्या गाडीला बसवली.

नरसिंहपूरला संगमावरच्या देवळात मी तात्यांना धरून उभं केलं. विश्वास उरला नव्हता, तरी मनात त्यांचं आयुष्य मागत होते. तात्या काही पुटपुटत होते. कान दिला, तर म्हणत होते, “दत्ताला पायाशी घे.” स्वतःसाठी एक शब्द नाही.

आठव्या दिवशी तात्या गेले. मी मागितलं ते मिळालं नाही, आणि ते दुःख आजही तसंच आहे. आबांच्या रूपानं देव भेटला का, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांची आठवण झाली की मन भरून येतं. पोराची शेवटची वस्तू त्यांनी एका दुपारी अनोळखी माणसाच्या हवाली केली. तात्यांना देवाच्या हवाली करायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.